मधली रात्र : इंदूरच्या राजवाडा परिसरातील जागर, रातीजगा आणि माच

मराठीत ‘जागर’ हा शब्द आहे, माळवीत ‘रातीजगा’. दोन्हींच्या मुळाशी जागे राहणे ही एकच क्रिया आहे. आश्विन पौर्णिमेला आपण कोजागरी म्हणतो तेही ‘को जागर्ति’, म्हणजे ‘कोण जागे आहे?’, या प्रश्नावरून. इंदूरच्या राजवाड्याभोवतीच्या वस्तीत हे दोन शब्द सुमारे दोनशे वर्षे एकाच गल्लीत, कधी एकाच वाड्याच्या दोन चौकांत नांदत आले आहेत. प्रस्तुत लेखात या परिसरातील रात्र आणि तिथले लोकसंगीत यांचा संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

लोकगीतांवर लिहिताना आपण शब्द पाहतो, चाल पाहतो, विधी पाहतो. वेळ मात्र बहुधा एका ओळीत उरकतो. ‘हे गीत रात्री गातात’ एवढे नोंदवून पुढे जातो. माझ्या मते रात्र ही या गीतांच्या रचनेतच विणलेली आहे. संध्याकाळी दैवताची स्थापना आणि आवाहन, मध्यरात्री कथन, सवाल-जवाब आणि थट्टा, पहाटे आरती आणि निरोप, अशा तीन भागांत जागरणाचा प्रत्येक प्रकार उभा राहतो. आजच्या कार्यक्रमांत पहिला आणि तिसरा भाग टिकून आहे. गळत चालला आहे तो मधला भाग, आणि भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

परिसर आणि त्याची नावे

१८१८ च्या मंदसौर तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. त्याआधी अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चालत होता. राजधानी आली तसे कारकून, शिलेदार, शास्त्री, वैद्य आणि कीर्तनकार दक्षिणेतून येऊन राजवाड्याच्या आसपास स्थिरावले. सराफ आणि साहुकार राजस्थान-गुजरातकडचे होते. शेतकरी, गवळी आणि कारागीर माळव्याचेच होते. दरबाराच्या आश्रयाने गवई, बीनकार, सारंगिये आणि पखवाजी आले. सात मजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. तो १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीनदा आगीत सापडला आणि तरीही त्याचे प्रवेशद्वार आज शहराची खूण म्हणून उभे आहे.

या वस्तीची भाषा तिच्या नावांतून वाचता येते. मल्हारगंज, कृष्णपुरा, छत्रीबाग, बक्षी गल्ली, आडा बाजार, नंदलालपुरा, खजुरी बाजार ही नावे मराठी, हिंदी आणि माळवी अशी एकमेकांत मिसळलेली आहेत. पंढरीनाथ हे नाव तर इथे पोलीस ठाण्यालाही आहे. विठोबाच्या नावाचे ठाणे महाराष्ट्राबाहेर सापडावे, यातच या शहराची जडणघडण दिसते. राजवाड्याच्या आत मल्हारी मार्तंडाचे मंदिर आहे. होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, आणि जेजुरीचा खंडोबा हे त्यांचे कुलदैवत. खंडोबाची उपासना आली तशी तिच्याबरोबर रात्रभर चालणारे जागरणही आले. राजवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर बंबई बाजार आहे. तिथे एके काळी गाणाऱ्या बायकांच्या बैठकी होत, आणि त्याच भागात उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) यांचे घर होते. पखवाजाचे पानसे घराणे याच शहरात, होळकर दरबाराच्या आश्रयाने वाढले. त्याचे प्रवर्तक नाना पानसे कीर्तनाच्या परंपरेतून आले होते, हेही लक्षात ठेवावे. देवळाची रात्र, दरबाराची रात्र आणि बाजाराची रात्र या परिसरात एकमेकींपासून फार लांब नव्हत्या.

सराफ्याची रात्र

आज राजवाड्याची रात्र म्हटले की सराफा आठवतो. दिवसभर सोन्याचांदीची उलाढाल करणारी ही अरुंद गल्ली दुकाने मिटली की खाऊगल्ली होते. बंद दुकानांच्या ओटल्यांवर चुली आणि कढया मांडल्या जातात, आणि मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटत नाही. हिवाळ्यात तळलेला गराडू, पावसाळ्यात भुट्टे का कीस, मालपुवे, मावाबाटी, परातीएवढा जलेबा, खोबऱ्याचे पॅटिस, दहीवडा आणि दुधाची इंदुरी शिकंजी हा इथला थाट. रात्री वर्दळ राहिली तर बंद पेढ्यांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच या दुकानदारांना ओटले वापरू दिले, असे इथे सांगितले जाते.

भाषेच्या विद्यार्थ्याने एक संध्याकाळ इथे जरूर काढावी. ‘कीस’ हा शब्द मराठी कानाला थेट स्वयंपाकघरातला वाटतो. साबुदाण्याची खिचडी इथे उपासाची अट सोडून बाराही महिने चाटच्या थाटात मिळते. ‘ओटला’ ऐकताना आपला ‘ओटा’ आठवतो. गिऱ्हाईक मराठीत विचारते, दुकानदार माळवी वळणाच्या हिंदीत उत्तर देतो, आणि हिशेब दोघांनाही कळतो.

या खाद्यसंस्कृतीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. शहराला रात्री एकत्र येण्याची सवय राहिली आहे ती सराफ्यामुळे. परंतु खाण्याची रात्र आणि गाण्याची रात्र यांच्यात एक मूलभूत फरक आहे. सराफ्यात माणूस चालत असतो. एका ओटल्यापाशी पाच-दहा मिनिटे थांबतो आणि पुढे सरकतो. जागरणात माणूस बसतो, आणि पहाटेपर्यंत बसायचे हे ठरवूनच येतो. कथनाला असे बसलेले श्रोते लागतात. चालणाऱ्या गर्दीसमोर आवाहन करता येते आणि आरतीही करता येते, पण दोन तासांचे आख्यान लावता येत नाही.

जागरण आणि गोंधळ

खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांत लग्नानंतर किंवा नवस फेडताना जागरण घातले जाते, देवीची उपासना असलेल्या घरांत गोंधळ. दोन्हींची मांडणी अभ्यासकांना परिचित आहे. चौक भरला जातो, उसाची किंवा धाटांची खोपटी उभी केली जाते, घट बसतो, दिवटी पेटते. गणेशाला नमन झाले की ठिकठिकाणच्या दैवतांना नावे घेऊन बोलावले जाते. जागरणात वाघ्याची दिमडी, मुरळीची घाटी आणि तुणतुणे असते. गोंधळात संबळ, तुणतुणे आणि झांज. मुली देवाला वाहण्याची, म्हणजे मुरळी सोडण्याची, प्रथा संपली ते योग्यच झाले. त्या प्रथेशी न बांधलेल्या गायनाचा मात्र स्वतंत्र विचार करायला हवा.

पूर्वरंगात स्तवन होते. मध्यरात्रीच्या सुमारास उत्तररंगात आख्यान लागते. म्हाळसा आणि बाणाई यांच्यातली सवतीची भांडणे, देवाचे धनगरवाड्यात चाकरीला राहणे, हे सर्व याच वेळी येते. इथे गायक बोलू लागतो. साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, विनोद करतो. श्रोत्यांतल्या एखाद्याचे नाव घेऊन कथा अडवली जाते. पहाटे लंगर तुटतो, आरती होते, प्रसाद वाटला जातो.

इंदुरात आलेल्या या परंपरेला एक वेगळी अडचण होती. श्रोत्यांत शेजारचे माळवी लोकही बसत. तेव्हा आवाहनाची भाषा जुनी मराठीच राहिली, कारण ती देवाला उद्देशून होती. मधल्या संवादात मात्र हिंदी-माळवी वाक्ये शिरली, कारण ती बसलेल्या माणसांशी होती. भाषासंपर्काचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणूनच मधल्या भागात सापडतो.

रातीजगा आणि मंगळागौर

रातीजगा हा बायकांचा आहे. माळव्यातल्या घरांत लग्न किंवा तसेच मंगलकार्य असेल तर आदल्या एखाद्या रात्री पूर्वज, भेरूजी, माता, सती यांच्या नावाने दिवा लावून घरच्या आणि शेजारच्या बायका रात्रभर गातात. दिवा विझू द्यायचा नाही, आणि गाणेही खंडू द्यायचे नाही. सुरुवात देवदेवतांच्या गीतांनी होते. शेवट प्रभातीच्या गीतांनी होतो. मध्ये मेंदीची गीते, बन्ना-बन्नीची गीते आणि व्याह्यांना दिलेल्या लटक्या शिव्या येतात.

आपल्याकडची मंगळागौर याच जातीची आहे. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेने पूजा करायची आणि रात्र खेळांत जागवायची. फुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणे, घागर फुंकणे हे खेळ आपण जाणतो. खेळांच्या मध्ये सासू-सून, नणंद-भावजय, सवती-सवती यांच्या संवादांची गाणी येतात, तोच तिचा मधला भाग.

एकाच वाड्यात राहणाऱ्या बायका एकमेकींच्या जागरणांना जात. माझ्या विद्यार्थिनींनी आपल्या घरच्या वयस्कर बायकांकडून गीते टिपून आणली तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसून आली. ‘आजी, एखादे गाणे म्हणा’ असे विचारले की गणपतीचे गाणे किंवा आरती मिळते. ‘ते झाल्यावर तुम्ही काय म्हणत होता?’ असे विचारले की आधी हसू येते, मग ‘ते काय सांगायचं’ अशी टाळाटाळ होते, आणि शेवटी एखादी थट्टेची रचना येते, जिचे निम्मे शब्द मराठी असतात आणि निम्मे माळवी. ही मिश्र गीते कोणत्याही मराठी संग्रहात जात नाहीत, कारण ती शुद्ध मराठी नाहीत. माळवी संग्रहातही जात नाहीत, कारण म्हणणारी मराठी असते. दोन्ही भाषांच्या नोंदवहीबाहेर राहिलेला हा ऐवज केवळ काही स्त्रियांच्या स्मरणात आहे, आणि त्या स्त्रिया आता ऐंशीच्या पुढे आहेत.

ही गीते मध्यरात्रीच का, याचे उत्तर सोपे आहे. तोपर्यंत मुले झोपलेली असतात, पुरुष माणसे बाहेरच्या ओसरीवर गेलेली असतात आणि मान राखण्याजोगी वडीलधारी माणसेही कलंडलेली असतात. दिवसा जे बोलण्याची मुभा नाही ते याच वेळी गाता येते. सासरची तक्रार, नवऱ्याची टवाळी, देहाविषयीचे सूचक बोलणे यांना रात्रीचा हा प्रहर संरक्षण देतो. संध्याकाळी सहा ते आठ सभागृहात झालेल्या मंगळागौरीत ही गीते येत नाहीत यात नवल नाही. तिथे समोर खुर्च्यांवर सारे कुटुंब बसलेले असते.

माच आणि कलगी-तुरा

माळव्याचे लोकनाट्य माच. उज्जैनचे गुरू बालमुकुंद हे त्याचे आद्य रचनाकार मानले जातात, आणि त्याचा बहर एकोणिसाव्या शतकातला आहे. उज्जैन, इंदूर, देवास या टापूत माचाचे खेळ रात्रभर चालत. खेळाच्या आधी शुभ मुहूर्तावर खांब रोवून पूजा होते. खेळाच्या रात्री भिश्ती येऊन पाणी शिंपडण्याचा आणि फर्रासन येऊन जाजम अंथरण्याचा अभिनय करते, चोपदार घोषणा करतो, देवतांची वंदना होते, आणि मग भरथरी, हरिश्चंद्र किंवा ढोला-मारू यांच्यासारखी कथा सुरू होते. स्त्रियांची कामे पुरुष करतात. ढोलक हे मुख्य वाद्य.

मराठी वाचकाला इथे तमाशा आठवेल. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमात वग हा मधल्या रात्रीचा, तसाच माचाचा खेळही. एक साम्य तर फारच लक्षणीय आहे. माचात मुख्य नटाने म्हटलेली ओळ मागचे गायक उचलून धरतात, त्याला टेक झेलणे म्हणतात. तमाशात आणि शाहिरीत हेच काम झीलकरी करतात, आणि आपण त्याला झील धरणे म्हणतो. शब्दांची व्युत्पत्ती काहीही असो, काम एकच आहे.

कलगी-तुऱ्याचे नातेही असेच. आपल्या शाहिरीत तुरेवाले शिवाचा, पुरुषतत्त्वाचा पक्ष घेतात आणि कलगीवाले शक्तीचा, प्रकृतीचा. भेदिक लावण्यांतून एकमेकांना कोडी घातली जातात. माळवा, निमाड आणि मेवाडमध्ये हीच परंपरा तुर्रा-कलगी नावाने आहे, पक्षही तेच आहेत. माचाची घडण या तुर्रा-कलगीच्या आखाड्यांतून झाली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे इंदूरच्या मराठी शिलेदाराला शेजारचा माळवी आखाडा परका वाटण्याचे कारण नव्हते. वाद तोच होता, फक्त भाषा दुसरी होती. भेदिकाचा सवाल पडल्यावर प्रतिपक्षाला विचार करायला वेळ लागतो. उत्तर यायला कधी अर्धी रात्र जाते. घड्याळ लावून ही स्पर्धा घेतली तर पाठ केलेले जवाबच ऐकायला मिळतील. जागच्या जागी रचलेला जवाब मिळणार नाही.

रचनेवर पडलेला रात्रीचा ठसा

या सर्व प्रकारांच्या मधल्या भागात काही समान गोष्टी आढळतात, आणि त्यांचे कारण रात्रीच्या लांबीत आहे.

पहिली गोष्ट पुनरावृत्ती. छापलेल्या पानावर तीच ओळ सहा वेळा वाचताना विद्यार्थी कंटाळतात. रात्री दोन वाजता त्या ओळीला तीन कामे असतात. मुख्य गायकाला श्वास मिळतो, पुढचे कडवे आठवायला अवसर मिळतो, आणि पेंगुळलेला श्रोता पुन्हा कथेत येतो.

दुसरी गोष्ट गटांची विभागणी. बायका दोन बाजूंना बसतात आणि आळीपाळीने गातात. एका गटाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. यामुळे गळा टिकतो, आणि यातूनच प्रश्नोत्तराची रचना पक्की होते.

तिसरी गोष्ट स्वरांची मर्यादा. यातली पुष्कळ गीते चार-पाच स्वरांत फिरतात. याला अनेकदा साधेपणा म्हटले जाते. आठ तास गायचे तर स्वर मध्य सप्तकातच ठेवावे लागतात, हे व्यावहारिक कारणही त्यामागे आहे.

चौथी गोष्ट कथनाची लांबणी. वाटेत येणारी प्रत्येक नदी, प्रत्येक गाव, प्रत्येक दागिना नावासह सांगितला जातो. संपादक या याद्या कापतात. पण शेतीची अवजारे, कापडांचे प्रकार, धान्यांची नावे, नात्यांचे शब्द हे सारे याच याद्यांत टिकलेले असते. बोलीचा शब्दकोश करणाऱ्याला मधल्या रात्रीइतके समृद्ध साधन दुसरे नाही.

ऐकणाऱ्याचा एक आदर्श

माळव्याच्या लोकसंगीताकडे गंभीरपणे पाहणाऱ्यांत पं. कुमार गंधर्व (१९२४-१९९२) यांचे नाव अग्रभागी येते. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे कानडी घरात जन्मलेले कुमारजी १९४८ मध्ये क्षयरोगाच्या उपचारासाठी देवासला आले. गाणे बंद होते. अंथरुणावर पडून ते आसपासच्या बायकांची गाणी आणि फिरत्या जोग्यांची निर्गुणी भजने ऐकत राहिले. १९५३ मध्ये ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा हे ऐकणे त्यांच्या गायकीत उतरले होते. त्यांनी माळवी लोकधुना जमवल्या, त्यांचे स्वरलेखन केले, ‘गीतवर्षा’सारखे ऋतुगीतांचे कार्यक्रम बांधले, आणि मालवती, संजारी, लगनगंधार यांसारखे धुनउगम राग रचले. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशींचे संकलन आहे.

आपल्या विषयापुरता यातून मिळणारा धडा असा, की ज्याची मातृभाषा कानडी, शिक्षण मराठी वातावरणातले, त्याने माळवी गीत ऐकले ते त्याच्या वेळी आणि त्याच्या जागी. कार्यक्रम मांडून त्याने त्या बायकांना गायला लावले नाही. त्या आपल्या कामात, आपल्या सणात गात होत्या आणि ऐकणारा जागा होता. बेळगाव, देवास आणि इंदूर यांना जोडणारी ही रेषा आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी अभ्यासकांना विशेष जवळची वाटावी.

माळव्यात मधली रात्र पूर्ण संपलेली नाही. गावोगावच्या कबीर भजनी मंडळ्या तंबुरा, करताल, मंजिरा, ढोलक घेऊन आजही रात्रभर बसतात. देवासला एकलव्य संस्थेने १९९० च्या दशकात कबीर भजन एवं विचार मंच चालवला. तिथे मंडळ्या दर महिन्याला जमत, भजन होई आणि त्याच्या अर्थावर रात्री चर्चाही होई. प्रल्हादसिंह टिपानिया यांच्यासारखे गायक याच परंपरेतले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ही परंपरा का टिकली, याचे एक कारण मला असे दिसते की तिचा मधला भाग मोकळा आहे. भजनाचा अर्थ काय, हा प्रश्न दर बैठकीत नव्याने पडतो आणि त्यासाठी पुन्हा जागावे लागते.

मधला भाग का गळाला

शहरात याची कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. इंदूरच्या कापड गिरण्यांनी पाळ्यांवर काम करणारा, रात्री जागणारा मोठा श्रोतृवर्ग दिला होता. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, इतरही बंद झाल्या. गिरणी कामगारांनी सुरू केलेली अनंत चतुर्दशीची झाँकी मात्र अजून निघते. त्या रात्री जेल रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग, राजवाडा हा सारा पट्टा पहाटेपर्यंत जागा असतो, आखाडे फिरतात, ढोल वाजतात. जुन्या शहराची ही सामूहिक जागरणाची रात्र वर्षातून एकदा उरली आहे.

मराठी कुटुंबे वाड्यांतून वसाहतींत आणि सदनिकांत गेली. चौक गेला तशी चौकातली जागरणेही गेली. मंगल कार्यालये तासांवर मिळतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आजारी माणसे, लहान मुले, परीक्षेला बसलेले विद्यार्थी यांचा विचार करता हा नियम मला आवश्यक वाटतो. परंतु त्याचा परिणाम असा झाला की मंडळांनी कार्यक्रम दहाच्या आत बसवला, आणि बसवताना जे सर्वांत लांब ते कापले. ध्वनिक्षेपक बंद करून, दारे लावून, पन्नास माणसांत गाणे हा पर्याय फारसा कुणी वापरला नाही.

शहरात ‘रात्रीची संस्कृती’ या विषयावर काही वर्षांपूर्वी बरीच चर्चा झाली. बीआरटीएस मार्गावरची दुकाने रात्रभर उघडी ठेवण्याची परवानगी मिळाली, पुढे ती मागे घेतली गेली. दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. ती चर्चा व्यवसाय आणि सुरक्षा यांच्याभोवती फिरली. याच शहराला स्वतःची रात्रीची संस्कृती आधीपासून होती, ती मोफत होती आणि घरातल्या आजीच्या हाती होती, हा मुद्दा मागेच राहिला.

वर्गात आणि वर्गाबाहेर

लोकसाहित्याचा अभ्यास शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात.

१. गीत मागण्याआधी क्रम विचारावा. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत काय काय होत असे, याची यादी आधी करून घ्यावी. यादीतल्या रिकाम्या जागा दिसल्या की सांगणारीलाच आठवू लागते.

२. प्रत्येक नोंदीवर प्रहर लिहावा, आणि त्या वेळी कोण उपस्थित असे व कोण नसे, हेही लिहावे.

३. एकटीकडून गीत घेण्यापेक्षा दोघी-तिघींना एकत्र बसवावे. प्रश्नोत्तराची गीते एकटीला अर्धीच आठवतात.

४. मिश्र भाषा शुद्ध करू नये. ‘हा शब्द हिंदी आहे, मराठीत काय म्हणता?’ असे विचारले की सांगणारी संकोचते आणि गीत बदलते. शब्द आला तसा टिपावा, टीप वेगळी द्यावी.

५. पुनरावृत्ती आणि याद्या गाळू नयेत. संपादन नंतर करता येते, गाळलेले परत मिळत नाही.

६. थट्टेची व शिव्यांची गीते ध्वनिमुद्रित करताना गाणाऱ्यांची परवानगी घ्यावी, आणि ती कोठे ऐकवली जातील हे स्पष्ट सांगावे. चार भिंतींत रात्री म्हटलेले गीत चौकात दिवसा वाजवणे हा विश्वासभंग ठरेल.

७. पदव्युत्तर वर्गासाठी एक स्वाध्याय : कोणतेही एक जागरण घ्यावे, त्याची जुनी आठ तासांची मांडणी आणि आजची दोन तासांची मांडणी शेजारी-शेजारी लिहावी, आणि गळलेल्या भागातले शब्द, नाती व वस्तू यांची सूची करावी.

हीच पद्धत ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, वडोदऱ्याच्या मांडवीभोवतीच्या पोळांत किंवा बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत वापरता येईल. तिथे शेजारची भाषा बुंदेली, गुजराती किंवा कानडी असेल. गुजराती गरब्यालाही रात्र लागते, आणि त्याच्या आसपास राहणाऱ्या मराठी बायकांनी काय उचलले, हे विचारण्यासारखे आहे.

शेवटी एक व्यावहारिक प्रस्ताव. भाषेसाठी काम करणाऱ्या आपल्या संस्था संमेलने भरवतात. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. त्यांच्या जोडीला वर्षातून एक रात्र राजवाडा परिसरातल्या एखाद्या बंदिस्त जागेत, ध्वनिक्षेपकाशिवाय, मराठी जागर आणि माळवी रातीजगा यांच्यासाठी ठेवता येईल. नियम बंदिस्त जागेला आडवे येत नाहीत. वेळेची मर्यादा घालू नये, सत्कार-भाषणे ठेवू नयेत, श्रोते पन्नास असले तरी पुरेत. दोन-तीन विद्यार्थी नोंदी घेण्यासाठी बसवावेत. मध्यरात्रीनंतर ज्या रचना बाहेर येतील त्यातल्या बऱ्याचशा कोणत्याही छापील संग्रहात नसतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ज्यांना त्या येतात त्या बायका अजून आपल्यात आहेत आणि त्यांना जागायची सवयही आहे. त्यांच्यासमोर बसायला जागे श्रोते हवेत.